हात पाठवा

जिंतूरच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा ज्यांच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या त्या गृहस्थांनी माझं पहिलं भाडं घेतलंच नाही. महिना भरला तशी मी नोटा त्यांच्या ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवल्या आणि "भाडं ठेवलंय हो" असं ओरडून कामावर गेले. संध्याकाळी येऊन बघते तर नोटा तशाच. उडू नयेत म्हणून वर एक खडा तेवढा ठेवलेला. दुसऱ्या दिवशी पाणी भरणाऱ्या बाईच्या हाती पाठवल्या. ती तशीच परत आली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"म्हातारं म्हनतंय, पैसा नको, हात पाठवा."

मी तेव्हा पंचविशीच्या आतली, बिनलग्नाची, परक्या गावात एकटी. घरमालकाचा असा निरोप आल्यावर डोकं फिरणार नाही तर काय होणार? तरातरा ओसरीवर गेले. एकट्या बाईला असले निरोप पाठवायला लाज वाटत नाही का, असं काहीबाही बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझं संपल्यावर एवढंच म्हणाले, "उजवा."

मी रागारागाने नोटांसकट हात पुढे केला. त्यांनी तळवा खालून धरला, दुसऱ्या हाताने माझ्या अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, रंग परत येईपर्यंत बघत राहिले आणि मग नोटा काढून घेतल्या.

"रक्त कमी आहे तुमच्यात, बाई. शेपू खात जा."

मी शिकलेली नर्स, आणि जन्मभर जमिनी मोजलेला हा म्हातारा मला रक्त शिकवत होता! शिवाय त्यांचं चूक होतं. माझी नखं जन्मापासून फिकट आहेत. नंतर कळलं की त्यांच्याजवळ निदानं तीनच होती: रक्त कमी, पोटात वारा आणि झोप नाही. सगळ्या जिंतुरात त्यांनी ती आळीपाळीने वाटली होती. आमच्या डॉक्टरांना त्यांचा नुसता उल्लेख झाला तरी ठसका लागायचा.

गाव त्यांना गिरदावरसाहेब म्हणायचं. निजामाच्या काळात ते गिरदावर होते, म्हणजे पटवाऱ्यांच्या कामावर नजर ठेवत गावोगाव फिरणारे अंमलदार. ते राज्य गेलं, पण कचेरीची भाषा काही त्यांच्या तोंडातून गेली नाही. दारात त्यांची एक शेळी बांधलेली असायची. ती माझ्या तुळशीकडे मान लांबवू लागली की आतून आवाज यायचा, "दरख्वास्त नामंजूर!" शेळी थांबत नसे. मग ते उठून बाहेर येत आणि तिला पुन्हा एकदा, जरा चढ्या आवाजात, कळवत. बायको वारलेली, मुलगी हैद्राबादला दिलेली. बोलायला शेळी आणि मी, त्यातल्या त्यात शेळी जास्त ऐकायची. उन्हाळा असो, थंडी असो, घराबाहेर पडताना काखेत गुंडाळलेली छत्री असायचीच. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही.

पण महिन्यातला एक दिवस त्यांचा असायचा. पेन्शनला तिकडे जुनी माणसं वजीफा म्हणत. वजीफ्याच्या दिवशी तालुक्यातले जुने नोकर तहसिलीच्या खजिन्यात येत, आणि वजीफा घेऊन झाला की समोरच्या लिंबाखाली जमत. तिथे सतरंजी अंथरून, ठेवणीतली शेरवानी घालून गिरदावरसाहेब बसलेले असत. राज्य बदललं तेव्हा या मंडळींनी घाबरून एक दवाफंड काढला होता. प्रत्येकाने महिन्याला आठ आणे द्यायचे. जो आजारी पडेल त्याचं औषध, मोटारभाडं, वेळ आली तर मोठ्या दवाखान्यातलं ऑपरेशन, सगळं फंडातून. आजार आला की पैसे भरायचे आणि बरं वाटलं की पळायचं, असं कुणी करू नये म्हणून नियम कडक होता. लागोपाठ दोन महिने चुकले की दुसऱ्या वजीफ्याच्या दिवशी, दिवस मावळताच नाव कटलं. हा नियम गिरदावरसाहेबांनीच केलेला. आणि आठ आणे ज्याचे त्याने, स्वतःच्या उजव्या हाताने, त्यांच्या हातात द्यायचे, हा दस्तूरही त्यांचाच.

दवाखान्याच्या खिडकीतून तो लिंब दिसायचा. एकेक म्हातारा पुढे येई, "हाजिर" म्हणे, हात पुढे करी. साहेब तळवा धरत, नख दाबत, निदान सांगत आणि मग नाणं पितळी गडव्यात टाकत. मुलाच्या हाती, शेजाऱ्याच्या हाती पैसे पाठवले की परत. "पैसा नको, हात पाठवा." हात येण्यासारखा नसेल तर दुसऱ्या दिवशी छत्री काखेत मारून स्वतः त्या गावाला जात. चारठाण्याचे एक जमादार होते, जुन्या पोलिसातले. उजवा हात सारखा थरथरायचा. नाणं देताना ते हमखास निसटायचं. गिरदावरसाहेब मग दोन्ही हातांनी तो हात घट्ट धरत आणि आख्ख्या तहसिलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "सोडू नका जमादार, मी धरलंय!" मला खिडकीतून बघताना गलबलून यायचं.

सगळ्यांचं झालं की शेवटी ते स्वतःचं आठ आण्याचं नाणं काढत. स्वतःच्या उजव्या हातातून डाव्या हातात देत. "गिरदावर हाजिर," असं म्हणून स्वतःचंच नख दाबून बघत. मंडळी दर महिन्याला हसत आणि तेही दर महिन्याला कुणी हसलंच नाही असा चेहरा करत.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला तशी कचेऱ्यांतली हवा बदलली. नवे कागद आले, नये पैसे आले, लांबच्या पेन्शनरांना घरबसल्या मनिऑर्डरीने पेन्शन मिळायची सोय झाली. फंडाचे चिटणीस होते एक निवृत्त पेशकार, कोर्टातले. दोन्ही गुडघे गेलेले, पण माणूस व्यवहारी. त्यांनी खजिन्यात बोलणी केली. प्रत्येकाने एकदा संमतीचा कागद सही करून द्यावा, मग फंडाचे पैसे दर महिन्याला पेन्शनमधूनच परस्पर कापले जातील. कुणी जिंतूरला यायला नको, लिंबाखाली बसायला नको.

ती सभा आमच्याच ओसरीवर भरली. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

"देवगाव फाट्याचे मास्तर मागच्या पावसाळ्यात मोटारीतून उतरताना पडले," पेशकार म्हणाले. "कशाला आले होते? आठ आणे द्यायला. मांडी मोडली. त्या मांडीचा खर्च आपल्याच फंडाने केला. आजारासाठी काढलेला फंडच आजार घडवायला लागलाय, साहेब."

गिरदावरसाहेब म्हणाले, "पैसा कापला जाईल, पेशकार. माणूस दिसेल का?"

"माणूस बघायला फंड काढला नव्हता आपण. औषधाला काढला होता."

मला पेशकारांचं पटलं होतं आणि आजही पटतं. आता मीही पेन्शनर आहे, माझ्या आजारपणाच्या विम्याचे पैसे दर महिन्याला कुठल्या कुठे कापले जातात, मला पत्ताही लागत नाही, आणि माझ्या गुडघ्यांना त्याबद्दल काडीची तक्रार नाही. पण त्या दिवशी मत घ्यायला "हात वर करा" म्हटल्यावर ते सगळे उजवे हात वर झाले, आणि गिरदावरसाहेब एकेका हाताकडे वेळ घेऊन बघत राहिले, ते मात्र मला बघवलं नाही.

"मंजूर," ते म्हणाले. "दस्तूर बदलला. फक्त माझा कागद मागू नका."

सगळ्यांना वाटलं, रुसवा आहे, महिन्याभरात निघेल. मला तसं वाटायला जागा नव्हती, कारण मला एक गोष्ट माहीत होती. साहेबांना अंतर्गळ होता. खोकला आला की हात झटकन जांघेत जायचा. डॉक्टरांनी कधीच बजावलं होतं, परभणीला जाऊन ऑपरेशन करून घ्या. आतडं एकदा अडकलं की मग काही तासांचाच खेळ आहे. साहेबांनी पट्टा बांधला आणि "सुगी होऊ द्या" म्हणाले. त्यांना शेत नव्हतं, कसली सुगी! पण तोवर निदान फंडात नाव होतं. आता तेही जाणार होतं.

पहिला महिना चुकला. वजीफा घेऊन ते सरळ घरी आले, लिंबाकडे वळलेसुद्धा नाहीत. पेशकार दोनदा येऊन गेले. "तुमच्या नावाचे मी भरतो" म्हणाले. उत्तर ठरलेलं, "दुसऱ्याचा हात चालत नाही."

मी तर भांडलेच. "एक सही करायला काय जातं तुमचं? उद्या पोटात आतडं अडकलं तर परभणीच्या सर्जनला काय शेळी देणार आहात?"

"बाई, मी माणसाच्या हातात पैसा देतो. कागदाच्या हातात देत नाही."

"मग मरा," मी म्हणाले. मला असंच बोलता येतं. माया आली की माझी जीभ सुटते.

दुसरा वजीफ्याचा दिवस उजाडला. सकाळीच त्यांनी सवयीने शेरवानी घातली आणि ओसरीवर बसले. उठले. पुन्हा बसले. मला चारठाण्याला एका बाळंतिणीला बघायला जायचं होतं. मी निघाले तसे म्हणाले, "मीही येतो. जमादारांचा हात बघून येतो. दोन महिने झाले, कुणी बघितला नसेल."

माझ्या लक्षात आलं, यांना जमादार आजारी सापडायला हवेत. निदान जरासे.

बाळंतीण ठणठणीत होती, आणि जमादारही. जुन्या देवळाच्या अलीकडे त्यांचं घर. दारात मेंढरं, अंगणात बाज. बाजेवर जमादार घोंगडी पांघरून ऊन खात बसलेले. चेहरा चांगला तुकतुकीत दिसत होता.

"या, या साहेब! लय दिसानं पाय लागले."

चहा आला. साहेबांनी विचारलं, "वजीफा मिळतो का वेळेवर?"

"घरी येतोय आता. टपालवाला आनून देतो, अंगठा उठवतो. फंडाचं कापून येतंय. कळत बी न्हाई."

"हात दाखवा."

जमादारांनी उजवा हात घोंगडीच्या आत ओढून घेतला.

"न्हाई दाखवत, साहेब."

"म्हणजे?"

"रागावू नका. तुमी दर महिन्याला त्या लिंबाखाली माझा हात धरायचात अन् मोठ्यानं वरडायचात, सोडू नका म्हनून. समदे बघायचे. मी जमादार हुतो, साहेब. या हाताला मानसं भ्यायची. घरी आल्यावर मला भाकर गोड लागायची न्हाई दोन दोन दिस. आता बरं हाय. कुनी बघत न्हाई."

"अवो, काय बोलायलाव!" त्यांची बायको दारातून म्हणाली.

"बोलू द्या," साहेब म्हणाले. त्यांनी उरलेला चहा संपवला. बशीवर कप पालथा घातला. "बरोबर आहे तुमचं, जमादार. मला समजलं नाही."

मला खिडकीतून जे बघून गलबलून यायचं ती जमादारांची लाज होती, हे मलाही तेव्हाच कळलं. आम्ही उठलो. रस्त्यावर येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही की साहेबांची काख रिकामी आहे. छत्री जमादारांच्या बाजेला टेकलेली राहिली होती. इतक्या वर्षांत ती त्यांच्या अंगावेगळी झालेली मी पाहिली नव्हती.

देवगाव फाट्याकडून येणारी मोटार काही येईना. ऊन रणरणत होतं. साहेब एकदा जोरात खोकले, हात जांघेत गेला, आणि मग ते हळूच रस्त्याच्या कडेला बसले. वर बघितलं तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पट्टा सरकला का?" मी विचारलं.

"पोटात वारा असेल," ते म्हणाले.

मोटारीत त्यांना उलट्या सुरू झाल्या. जिंतूरला पोचेपर्यंत मी आयुष्यात कधी घातले नसतील इतके देव पाण्यात घातले. दवाखान्याच्या बाकावर निजवून डॉक्टरांनी गाठ आत ढकलायचा प्रयत्न केला. ती दगडासारखी कडक, आत जाईना.

"परभणी. आत्ताच्या आत्ता," डॉक्टर म्हणाले. "उद्यावर गेलं तर माणूस हाती लागत नाही. भाड्याची मोटार सांगा. सर्जनना मी चिठ्ठी देतो. खर्च फंडातून ना?"

साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "नाही. नाव गेलं माझं."

"अजून गेलं नाही!" मी म्हणाले. खिडकीतून दिसत होतं, लिंबाच्या शेंड्यावर अजून ऊन होतं.

मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरला मी पेशकारांकडे पिटाळलं. मोटार येऊन दारात उभी राहिली, आम्ही साहेबांना मागच्या बाकावर आडवं केलं, त्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं, तोवर पेशकार आले. गुडघे गेलेला माणूस धावत आला. एका हातात संमतीचा कागद, दुसऱ्या हातात शाईची दौत. मागोमाग वजीफ्याला आलेली जवळपासची चार-सहा मंडळी.

"सही करा, साहेब."

"कागदाला देणार नाही."

"मग मी भरतो तुमचे! आम्ही सगळे भरतो! ऑपरेशनचे पण भरतो!"

"फंड सगळ्यांचा आहे, पेशकार. नियम मी केला. माझ्यापायी मोडलात तर उद्या कुणापायीही मोडेल." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

"मराल, साहेब!" पेशकार ओरडले. त्यांच्या हातातली दौत हिंदकळून शाई धोतरावर सांडली.

ड्रायव्हरने मोटार सुरू केली. लिंबावरचं ऊन आता शेंड्याच्या शेवटच्या फांदीवर आलं होतं. साहेब शेरवानीच्या खिशात चाचपडत होते. मला वाटलं रुमाल हवाय. निघालं आठ आण्याचं नाणं. ते उजव्या मुठीत धरून त्यांनी हात मोटारीच्या खिडकीतून बाहेर काढला. आजवर नाणं देताना तो हात स्वतःच्या डाव्या हातापलीकडे कधी गेला नव्हता. वेदनेने म्हणा, कशाने म्हणा, तो थरथरत होता.

पेशकार कागद धरून नुसते उभे. त्यांना उमगेचना, काय करायचं.

"घ्या ना हो!" मी किंचाळले. "बघता काय? हात घ्या!"

पेशकारांनी दौत खाली ठेवली, कागद काखेत मारला आणि दोन्ही हातांनी तो हात धरला. नाणं घेतलं नाही लगेच. इतकी वर्षं ज्यांनी आपलं नख दाबलं होतं त्या साहेबांचं नख पेशकारांनी दाबलं, सोडलं आणि बघत राहिले. मग नाणं घेऊन म्हणाले, "गिरदावरसाहेब हाजिर." मागच्या मंडळींतला एक जण सवयीने हसला आणि हसता हसताच रडायला लागला.

साहेबांनी तोंड माझ्या कुशीकडे वळवलं. फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "जमादार खरं बोलत होता, बाई. लई लाज वाटते."

पण हात त्यांनी ओढून घेतला नाही. मोटार हलली तरी पेशकार हात धरून बाजूने लंगडत चालत होते, वेशीपर्यंत.

ऑपरेशन झालं. आतड्याचा थोडा भाग काढावा लागला, पण साहेब वाचले. खर्च फंडाने केला, नियमाप्रमाणे. दवाखान्यातच एके दिवशी त्यांनी मला तो संमतीचा कागद मागितला आणि उशीवर टेकून मुकाट्याने सही केली. मी भांडायची सगळी तयारी करून गेले होते, ती वाया गेली.

घरी आल्यावर ते ओसरीवर पडून असायचे. शेळीने तुळस निम्मी संपवली तरी दरख्वास्त नामंजूर होत नव्हती. एक दिवस चारठाण्याचे जमादार मोटारीने आले. छत्री डाव्या हातात, उजवा घोंगडीत. छत्री कोनाड्याजवळ ठेवली, चहा घेतला. पावसापाण्याचं बोलले. साहेबांनी त्यांच्या घोंगडीकडे एकदाही बघितलं नाही. मला त्या दोघांची फार दया आली.

महिना भरला. मी नोटा घेऊन ओसरीवर गेले आणि उजवा हात पुढे केला.

साहेब शेळीकडे बघत म्हणाले, "कोनाड्यात ठेवा, बाई. दस्तूर बदलला."

"माझा नाही बदलला. लवकर घ्या, मला ड्यूटीवर जायचंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खरंच म्हणतेय की त्यांच्या दुखण्याची कीव करतेय, याचा अंदाज घेत असावेत. माझा हात तसाच पुढे होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी ओरडलेच असते. मग त्यांनी हळूच, परवानगी विचारल्यासारखा तळवा खालून धरला. नख दाबलं. सोडलं. आणि नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ बघत बसले.

"रक्त अजून कमीच आहे," ते म्हणाले. "शेपू खाता का नाही?"

"खाते," मी खोटं सांगितलं.